ज्याच्यावर दावा नव्हता

शाळेच्या स्वयंपाकघरात नेल्डा टॅकेटचा शब्द चालायचा. मुख्याध्यापकाचा नाही, नेल्डाचा. बुधवारी चिली, म्हणजे खिम्याचा झणझणीत रस्सा, आणि दालचिनीचे रोल, हा तिचा नेम, आणि त्या नेमात बाहेरगावच्या कुठल्या आहारतज्ज्ञाला तिनं कधी बोट घालू दिलं नाही. गोड रोल तिखट चिलीत बुडवून खायचा म्हटल्यावर नवा मास्तर आधी नाक मुरडायचा आणि महिन्याभरात ट्रे पुढे करून दुसरा रोल मागायचा.

"नेल्डाबाई, अजून एक द्या ना!" एखादं पोर म्हणायचं.

"आधी बीन्स संपव. मग बघू."

"बघू म्हणजे हो का?"

"बघू म्हणजे नाही. चल, पुढं सरक, मागं लाइन खोळंबलीय."

अशी बाई. तोंडानं फटकळ, हातानं सढळ. एकदा चर्चच्या बायकांनी पाककृतींचं पुस्तक छापलं. प्रत्येकीनं आपल्या पदार्थातलं एखादा जिन्नस हळूच गाळला होता, म्हणजे तसा पदार्थ दुसरीला जमायला नको. आमच्याकडे यात कुणाला काही वावगं वाटत नाही. नेल्डानं मात्र सगळं जसंच्या तसं दिलं. शेजारची जोनेल गेंट्री तिला म्हणाली, "अगं येडे, सगळं काय सांगून बसलीस?" तर ही म्हणते, "खाली माझं नाव छापणार ना? मग त्याच्यावर खोटं कसं लिहू?"

नवरा डॉयल चाळिशीतच हृदयविकारानं गेला. मागे राहिला रँडल, एकुलता एक. त्याला तिनं शाळेच्या त्या नोकरीवर वाढवला, आणि खरं सांगायचं तर अर्धा वाढवला जोनेलच्या नवऱ्यानं, शेजारच्या होलिस गेंट्रीनं. होलिसला पोरबाळ नाही. रँडलला गाडी चालवायला त्यानं शिकवलं, सप्टेंबरात पारव्यांच्या शिकारीला त्यानं नेलं, पहिली दाढी करताना गाल कापला तेव्हा पट्टीसुद्धा त्यानंच लावली. आणि शाळा संपल्यावर रेल्वेलाइनीपलीकडच्या ज्वारीच्या कोठारात चिकटवलाही त्यानंच. होलिस तिथला मुकादम. टेक्सासच्या या वरच्या पट्ट्यात ज्वारी, कापूस, गुरं आणि वारा यांच्याखेरीज आहे काय? पोराला गावातच काम मिळालं म्हणून नेल्डानं त्या दिवशी होलिसच्या दोन्ही गालांचे मुके घेतले होते.

रँडल त्याच कोठारात गेला. चोवीस वर्षांचा होता.

त्या वर्षी कापणीच्या वेळेस पाऊस झाला आणि ज्वारी ओलीच भरली. ओली ज्वारी पत्र्याच्या उंच कोठीत वरून खपली धरते. खालून यंत्र धान्य ओढत राहतं, आत पोकळी होत जाते, आणि वर खपली तशीच, जणू जमीनच. मग कुणीतरी लोखंडी कांब घेऊन आत उतरायचं आणि ती खपली फोडायची. उतरताना खालचं यंत्र बंद हवं आणि कमरेला दोर हवा, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. त्या दिवशी यंत्र चालू होतं आणि दोर ऑफिसात खुंटीला होता. खपली फुटली आणि रँडल तिच्याबरोबर खाली गेला. गावातल्या अग्निशामकवाल्यांनी, म्हणजे आपल्याच पोरांनी, पत्रा कापून कोठी रिकामी केली तेव्हा दुपार टळली होती.

त्या वेळी तिथं दोनच माणसं होती. एक रँडल आणि दुसरा होलिस.

कंपनीनं पत्रक काढलं. कंपनीची कचेरी दूर शहरात. तिथल्या कुणी रँडलला कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी लिहिलं, कर्मचारी परवानगी न घेता, दोर न बांधता, स्वतःच्या मर्जीनं आत उतरला. झालं! गावाला तेवढं पुरलं. रँडलचं शेल्बी नावाच्या मुलीशी ठरलेलं लग्न ऑगस्टमध्ये मोडलं होतं. आता लोकांनी दोन आणि दोन पाच केले. केस कापायच्या दुकानात, फुटबॉलच्या मॅचला नॅचोच्या खिडकीशी, सगळीकडे आवाज खाली आणून तेच. स्वतःच्या मर्जीनं म्हणजे काय ते समजून घ्या. मनानं खचला होता हो पोरगा, जीवच दिला म्हणायचा. बिचारी नेल्डा.

बिचारी नेल्डाच्या कानावर ते आलंच. एका बाईनं तर सांत्वनाला म्हणून येऊन तिचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "देव त्यांनासुद्धा क्षमा करतो गं." नेल्डाला आधी कळेना की त्यांना म्हणजे कुणाला. कळलं तेव्हा तिनं त्या बाईला तिनं आणलेल्या जेवणाच्या भांड्यासकट दाराबाहेर काढली.

तेव्हापासून तिला एकच गोष्ट हवी होती. नुकसानभरपाई नको, कुणाला शिक्षा नको. माझं पोर आपणहून आत उतरलं की त्याला उतरवलं, एवढं सांगा. आणि हे सांगू शकेल असा जगात एकच माणूस होता, तो कुंपणापलीकडे राहत होता, आणि त्यानं तोंडात मिठाची गुळणी धरली होती.

तसा होलिस काही तोंड लपवून बसला नव्हता. शवपेटीला पुढून उजवा खांदा त्याचाच होता. वसंतात तो न सांगता शिडी घेऊन आला आणि नेल्डाच्या छपरावरच्या कूलरच्या जाळ्या बदलायला लागला, दरवर्षीसारख्या. ती खाली शिडी धरून उभी राहिली. मग तिला राहवलं नाही.

"होलिस, तू पाठवलंस का रे त्याला आत?"

वरचा पान्याचा आवाज थांबला. होलिस खाली न बघताच म्हणाला, "नेल्डा, मला बोलायची मनाई आहे. वकिलांनी सांगितलंय."

"मी का वकिलाला विचारतेय? मी तुला विचारतेय."

"मनाई आहे गं," तो म्हणाला. आणि त्यानं उरलेल्या दोन्ही जाळ्या बसवल्या, पाणी सोडून बघितलं आणि शिडी खांद्यावर टाकून निघून गेला.

मग नेल्डा गेली ऑर्व्हिल स्टब्जकडे. ऑर्व्हिल हा गावातला एकमेव वकील. पूर्वीच्या जोड्यांच्या दुकानात त्याचं ऑफिस, आणि अजून तिथं पॉलिशचा वास येतो. जन्मभर त्यानं मृत्युपत्रं आणि कुंपणांची भांडणं यांपलीकडे फारसं काही केलं नव्हतं, पण माणूस सरळ. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "एक वाट आहे. दावा लावायच्या आधीसुद्धा कोर्टाकडून माणसाची जबानी मागता येते. दावा लावण्यासारखं काही आहे की नाही, हे शोधण्यापुरती. कोर्टानं हो म्हटलं की होलिसला बसून शपथेवर बोलावं लागेल. कंपनीची मनाई मग तिच्या घरी."

नेल्डाचा जीव भांड्यात पडला. "मग माग की! थांबलायस कशाला?"

"अर्जात एक गोष्ट लिहावी लागते. ज्याची जबानी मागतोय, त्याच्यावरही पुढंमागं दावा लावायचा विचार आहे का. मी लिहितो, आहे."

"होलिसवर दावा? मी? डोकं फिरलंय का तुझं, ऑर्व्हिल?"

"अगं, लावायलाच पाहिजे असं नाही. नुसतं नाव घालायचं. तुझ्याच सोयीसाठी. नाव घातलं तर हा हुकूम मधला ठरतो, अंतरिम. मधल्या हुकमावर सरळ अपील नाही. फार तर वरच्या कोर्टापुढं हात जोडता येतात, पण तो काही हक्क नाही. आणि नाव घातलं नाहीस तर होलिस ठरतो परका माणूस. त्याच्यापुरता तोच हुकूम शेवटचा. मग त्याला अपिलाचा हक्क मिळतो."

"मिळू दे. होलिस का अपील करणार आहे माझ्याविरुद्ध?"

"होलिस नाही करणार. त्याच्या नावानं कंपनी करेल."

नेल्डानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पर्स मांडीवर घेऊन ती ताठ बसली. "हे बघ. चर्चमध्ये दर रविवारी तो आणि जोनेल माझ्या पुढच्या बाकावर बसतात. त्यांच्या मानांकडे बघत मी प्रार्थना करते. त्या माणसानं माझ्या पोराची पेटी उचललीय. त्याचं नाव मी आरोपीसारखं लिहू? नाही लिहायचं. उलट लिही, की त्याच्यावर कसलाही दावा लावायचा माझा विचार नाही. आणि पुढं लिही, त्याची काही चूक झाली असं माझं म्हणणं नाही."

"पुढच्या वाक्याची काही गरज नाही, नेल्डा."

"मला आहे. लिही."

ऑर्व्हिलनं चष्मा काढून डोळे चोळले. शहरातला वकील असता तर भांडला असता, आणि भांडायलाच हवं होतं, मी तर म्हणेन की त्यानं खुर्ची आपटून सांगायला हवं होतं. पण आमच्याकडे शेजाऱ्याचं नाव कोर्टाच्या कागदात घालणं म्हणजे त्याच्या दारात कचरा टाकण्यासारखं. ऑर्व्हिलही इथलाच. त्यानं मुकाट्यानं लिहिलं आणि तिनं सही केली.

सुनावणीला अर्धं गाव लोटलं. कंपनीचे दोन वकील शहरातून आले होते, दोघांचेही बूट इतके नवे की फरशीवर करकरत होते. होलिस त्यांच्या मधे, गुडघ्यावर हॅट ठेवून बसला होता. त्याच्या मागे जोनेल. जज्जसाहेब इथलेच, रँडलला त्यांनी शाळेच्या टीममध्ये खेळताना पाहिलेलं. त्यांनी अर्ज सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला. शेवटाला आले तेव्हा चष्म्यावरून नेल्डाकडे बघून त्यांनी ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं, सावकाश. अर्जदाराचा होलिस गेंट्री यांच्यावर दावा लावायचा विचार नाही. त्यांची काही चूक झाली असं तिचं म्हणणं नाही.

"हे असंच आहे ना, टॅकेटबाई?"

"असंच आहे, साहेब."

जोनेलला रडू कोसळलं. बाकांवरून एक सुस्कारा गेला. होलिसनं वर पाहिलं, त्याचे ओठ हलल्यासारखे झाले, पण शेजारच्या नव्या बुटांच्या वकिलानं त्याच्या दंडावर हात ठेवला आणि तो परत हॅटकडे बघायला लागला. जज्जसाहेबांनी हुकूम दिला: होलिस गेंट्री यांनी ऑर्व्हिल स्टब्जच्या ऑफिसात येऊन एक तास शपथेवर जबानी द्यावी. बाहेर पायऱ्यांवर बायकांनी नेल्डाला मिठ्या मारल्या. "मन मोठं गं बाई तुझं," म्हणाल्या. आणि नेल्डाला, खोटं कशाला सांगा, बरं वाटलं.

जबानीच्या दिवशी तिनं सकाळीच जाऊन ऑर्व्हिलचं टेबल पुसलं, खिडकी पुसली, आणि ताजे रोल फडक्याखाली झाकून ठेवले. होलिसला घसा कोरडा पडायची सवय म्हणून थंड चहाचा जगही आणला. जबानी टिपून घेणारी बाई यंत्र मांडून बसली. विचारायचा होता तो एकच प्रश्न नेल्डानं मनात इतक्यांदा म्हटला होता की तिच्या ओठांना त्याची चव लागली होती.

होलिस आला नाही. ऑर्व्हिलचा फोन वाजला. तो नुसतं "हं, हं" करत राहिला आणि मग फोन ठेवून म्हणाला, "अपील गेलंय. होलिस गेंट्रीच्या नावानं. वरच्या कोर्टानं स्थगितीही दिलीय."

"म्हणजे उद्या येईल?"

"नाही गं, नेल्डा. आता वरचा निकाल लागेपर्यंत कुणी त्याला काही विचारायचं नाही."

"पण जज्जसाहेबांनी सांगितलंय ना!"

"त्यांनी सांगितलं तेच तर अडवलंय."

टिपणारी बाई यंत्र आवरायला लागली. नेल्डानं तिला चार रोल बांधून दिले, कारण आता त्यांचं करायचं काय? मग ती घरी आली आणि कोट न काढता स्वयंपाकघरात बसून राहिली.

आणि मग वाट बघणं सुरू झालं. वाट बघणं म्हणजे काय, तर काहीच न करता येणं. वकील लिहायचे, वरचं कोर्ट मुदत वाढवायचं, पुन्हा वकील लिहायचे. नेल्डा फोन करायची, ऑर्व्हिल म्हणायचा अजून नाही. रविवारी पुढच्या बाकावर त्याच दोन माना. एकदा भजन चालू असताना होलिसचे खांदे गदगदायला लागले आणि जोनेलनं त्याला बाहेर नेलं. नेल्डाला वाटलं उठावं, मागोमाग जावं, कॉलर धरून विचारावं. पण स्थगिती होती. कुणी काही विचारायचं नाही, हे इतक्या वेळा कानावर पडलं होतं की चर्चच्या आवारातसुद्धा तिच्या पायाला ती बेडी जाणवायची. आणि गाव? गावानं तर निकाल कधीच लावून टाकला होता. होलिसच्या अंगावर काही नाही, हे खुद्द नेल्डानंच कोर्टात लिहून दिलंय. मग उरलं कोण? तो पोरगाच की. रँडलच्या थडग्यावर फुलं ठेवायला गेलेल्या दोस्तांनीही हळूहळू यायचं सोडलं.

दुसऱ्या वर्षीची कापणी जवळ आली तेव्हा ऑर्व्हिल स्वतः शाळेत आला, मागच्या दारानं, स्वयंपाकघरात.

"नेल्डा, मुदत संपतेय. असल्या मृत्यूचा दावा दोन वर्षांत लावावा लागतो. अपील चालू आहे म्हणून घड्याळ थांबत नाही. आत्ता लावला तर लावला. कंपनीवर आणि होलिसवर, दोघांवर. दावा लागला की मग त्याची जबानी कुणी अडवू शकत नाही."

"त्यात काय लिहायचं?"

"की होलिसनं रँडलला यंत्र चालू असताना, दोर न देता आत पाठवलं."

"पाठवलं का?"

ऑर्व्हिल म्हणाला, "तेच तर आपल्याला ठाऊक नाही."

"मग मी सही कशी करू त्याच्याखाली?"

"अगं, सगळे तसंच करतात! आधी म्हणायचं, मग शोधायचं."

"सगळे करतात करू देत. ऑर्व्हिल, लोक माझ्या पोराबद्दल माहीत नसताना बोलतात, म्हणून मी दोन वर्षं जळतेय. आणि मी होलिसबद्दल माहीत नसताना लिहू?"

तिचे हात पिठात होते. ऑर्व्हिलनं फार समजावलं, चिडला, शेवटी हातही जोडले. ती ऐकेना. "वरचं कोर्ट देईल की निकाल. आज ना उद्या देईल," म्हणत राहिली. आता हिला शहाणी म्हणायचं की खुळी? मला विचाराल तर दोन्ही म्हणवत नाही. मुदतीचा शेवटचा दिवस बुधवारी आला. तिनं चिली केली, रोल केले, पोरांना दटावून बीन्स खायला लावले, आणि दिवस गेला.

निकाल थंडीत आला. ऑर्व्हिलनं तिला ऑफिसात बोलावून घेतलं आणि स्वतः आधी खुर्चीवरून उठून उभा राहिला, त्यावरूनच तिला कळायला हवं होतं.

"वरचं कोर्ट म्हणतं, ही जबानी मागितली होती दावा लावावा की नाही हे ठरवण्यासाठी. आता मुदत गेली. कुणावरही दावा लागूच शकत नाही. म्हणजे शोधण्यासारखं काही उरलं नाही. म्हणून खालचा हुकूम रद्द."

नेल्डा त्याच्याकडे बघत राहिली. "थांब. मला नीट सांग. जबानी अडवली कुणी?"

"त्यांनी."

"मुदत गेली ती त्या अडवण्यातच ना?"

"हो."

"आणि आता तेच म्हणतात, मुदत गेली म्हणून विचारू नका?"

"हो, नेल्डा."

"अरे, मग माझं पोर कसं मेलं हे मी विचारू कुणाला?" ती ओरडली. इतक्या जोरात ओरडली की समोरच्या बँकेतली माणसं दारात आली. ऑर्व्हिलनं तिला रुमाल दिला आणि तोही रडला, तोंड भिंतीकडे करून.

त्यानंतरच्या शनिवारी सकाळी नेल्डाच्या पुढच्या दाराची बेल वाजली. शेजारीपाजारी पुढच्या दारानं येत नाहीत, मागचं दार ढकलायचं, "आहेस का गं?" म्हणायचं आणि कॉफी ओतून घ्यायची. म्हणून तिला वाटलं, कुणी परका असेल. दारात होलिस उभा होता, रविवारचा कोट घालून. वाळला होता. ती बाजूला झाली आणि तो आत येऊन खुर्चीच्या कडेवर टेकला.

"वकील म्हणाले, आता मला बोलायला हरकत नाही," तो म्हणाला. "आता काही होऊ शकत नाही म्हणाले."

नेल्डा उभीच राहिली.

"खपली धरली होती. रँडल म्हणाला, होलिसकाका, खालचं यंत्र बंद करू, मी दोर घेऊन येतो आणि उतरतो. बाहेर दोन ट्रक उभे होते. मी म्हटलं, यंत्र बंद केलं तर अर्धी दुपार जाईल. दोरबिर राहू दे, पटकन जा, चार टोले हाण आणि ये. तो म्हणाला, बरं. एवढंच म्हणाला, नेल्डा. बरं म्हणाला आणि उतरला."

तिनं भिंतीला हात टेकला. दोन वर्षांहून जास्त ती या वाक्यासाठी जगली होती. पाठवला होता. पोर आपणहून गेलं नव्हतं. तिला वाटलं होतं, हे कळलं की छातीवरचा दगड उतरेल. उतरला नाही. उलट तिला तो "बरं" ऐकू आला, रँडलच्या आवाजात, जेवायला बसताना म्हणायचा तसा, आणि ती खाली बसली.

"इतके दिवस कुंपणापलीकडून माझ्याकडे बघत होतास," ती म्हणाली. "लोक माझ्या पोराला काय काय म्हणत होते ते ऐकत होतास. तुला एकदासुद्धा वाटलं नाही रे?"

"सांगणार होतो. सुनावणीच्या दिवशी सांगणारच होतो, देवाशपथ. सकाळी जोनेलला म्हटलं, आज नोकरी जाणार, घरात काय आहे ते सांभाळ. मला वाटलं होतं, तू माझं नाव घातलेलं असणार. कुणीही घातलं असतं. जज्ज ते वाचतील आणि मी उठून म्हणेन, हो, मीच. मनाशी पाठ करून आलो होतो." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "आणि त्यांनी वाचलं, होलिसची काही चूक नाही. दोनदा वाचलं. जोनेल रडायला लागली. सगळं गाव माझ्याकडे मायेनं बघत होतं. नेल्डा, तू मला सगळ्यांदेखत सोडून दिलंस. त्याच्यानंतर मी कसं तोंड उघडणार होतो? बाहेर आल्यावर त्यांनी अपिलाचा कागद पुढं केला आणि मी सही केली."

नेल्डाला त्याच्या तोंडात मारावीशी वाटली. त्याच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. दोन्हींतलं काहीच तिच्यानं झालं नाही.

"मग आता जाऊन सांग," ती कशीबशी म्हणाली. "चर्चमध्ये सांग, गावात सांग. मीच पाठवलं म्हणून सांग."

"सांगितलं."

"कुणाला?"

"पाद्रीबाबांना. माझ्या मेव्हण्याला. कोठारातल्या पोरांना. कुणाला पटत नाही. पाद्रीबाबांनी माझा हात धरला आणि म्हणाले, होलिस, दुःखानं माणूस नसलेलं पाप स्वतःवर घेतो. त्या माउलीनं स्वतः कोर्टात लिहून दिलंय की तुझी चूक नाही, मग तू का स्वतःला छळतोस? सगळे तेच म्हणतात. नेल्डानंच लिहून दिलंय म्हणतात."

बाहेर वारा सुटला होता आणि जाळीचं दार आपटत होतं. कुणी उठून कडी लावली नाही.

"अजून लिही माझं नाव," होलिस म्हणाला. तो लहान पोरासारखा रडत होता. "कुठंतरी लिही, नेल्डा. मी सही करतो. म्हणशील तिथं करतो."

"आता कुठं लिहू रे, होलिस?" नेल्डा म्हणाली.